जास्तीची रक्कम

ता. ८ जानेवारी

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

चिरंजीव लिहिताना हसू आलं. गेल्या वेळी आलात तेव्हा तुमच्या डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस होते. पण तुमचे दादा गेल्यापासून या घरातलं थोरलेपण माझ्या गळ्यात पडलंय, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घ्या.

पत्राचं कारण असं की परवा तुमच्या नावाने मला ईमेल आला. ‘प्रिय वहिनी, कृपया आपल्या खात्याच्या पडताळणीसाठी खाते क्रमांक व पासवर्ड कळवावा.’ खाली तुमचं नाव, तुमच्या बँकेचं चिन्ह, सगळं अगदी झोकात. पण तुम्ही जन्मात मला कधी ‘कृपया’ म्हणाला नाहीत. ‘वहिनी, चहा टाका’ एवढीच तुमची विनंती. तिथेच मला शंका आली आणि मी उत्तर दिलं नाही. तरी मन थाऱ्यावर नाही. तुम्ही बँकेच्या मुख्य कार्यालयात परदेशी पैशांच्या टेबलावर बसता आणि मी तुमची वहिनी, हे कुणाला कसं कळलं?

मला आता अशी भीती परवडणारी नाही. यांनी आयुष्यभर जुनी शिलाई मशीनं खोलून जे सुटे भाग जमवले, ते मी दोन वर्षांपासून इंटरनेटवर विकतेय, हे तुम्हाला माहीतच आहे. शटल, बॉबिन केस, दातांच्या पट्ट्या. इकडे ज्याला भंगार म्हणतात त्याच्यासाठी तिकडचे लोक हात जोडून उभे असतात. आतापर्यंत वेबसाइट आपला वाटा कापून पैसे द्यायची. आता मोठी गिऱ्हाइकं म्हणतात, सरळ बँकेतून पाठवतो. ते करावं की नाही?

दुसरं म्हणजे घरमालक दुकानाची खोली विकतोय. पहिला हक्क मला दिलाय, एप्रिल संपेपर्यंत. पैसे जवळजवळ जमलेत, सगळे तुमच्याच बँकेतल्या त्या एका खात्यात आहेत. ही खोली हातची गेली तर यांचं कामाचं टेबल मी कुठे नेऊ? घरात तर सासूबाईंची खाट आणि माझी चटई, एवढ्यातच जागा संपते. सासूबाई रोज दुकानात येऊन स्टुलावर बसतात आणि सुट्या भागांना तेल लावतात. तेवढ्यासाठी सकाळी उठतात त्या.

त्यांचा निरोप: ‘धाकट्याला सांग, फोनवर नुसता खोकू नकोस, बोल.’

तुमची,
वहिनी

ता. १६ जानेवारी

वहिनींस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण गुडघे ऐकत नाहीत. उभ्याउभ्याच स्वीकारा.

त्या ईमेलला उत्तर दिलं नाहीत, शाबास. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी पासवर्ड सांगून टाकतो आणि मग काउंटरवर डोकं धरून बसतो. आजपासून आपला एक नियम. पैशाची, बँकेची कुठलीही गोष्ट आपण फक्त कागदावर लिहायची, हाताने, टपालाने. ईमेल नाही, मेसेज नाही. फोनवर सुद्धा नाही, कारण हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. मीच फोन करून पैशाबद्दल विचारलं तरी ठेवून द्या. तुम्ही विचारलंत तर मी उत्तर देणार नाही. माझं कोंबडीच्या पायासारखं अक्षर कुणाला जमणार नाही, तेवढा एक भरवसा आहे.

आता परदेशी पैशाचं. घ्या खुशाल बँकेतून. गिऱ्हाइकाला तीन गोष्टी कळवायच्या: खात्यावर आहे तस्सं तुमचं नाव, खाते क्रमांक आणि आमच्या बँकेचा स्विफ्ट कोड, तो खाली लिहिलाय. बास. पैसे घ्यायला पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवावं लागत नाही. पाहुण्याला घराचा पत्ता सांगतो आपण, किल्ली नाही देत. ‘पैसे पाठवले’ म्हणून पावतीचा फोटो येईल. फोटो म्हणजे पैसे नव्हेत. रक्कम खात्यात दिसली की पाठवणाऱ्याचं नाव आणि गिऱ्हाइकाचं नाव जुळतंय का बघा. जुळलं नाही तर माल हलवायचा नाही आणि मला लिहायचं.

शक्य झालं तर या व्यवहाराला वेगळं खातं उघडा. खोलीचे पैसे आणि येणारे पैसे एकाच डब्यात ठेवू नका.

दादाचं टेबल कुठेही जाणार नाही. खोली तुमचीच होणार.

आईला म्हणावं, खोकला गेला.

तुमचा,
धाकटा

ता. १५ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

वेगळ्या खात्याचं राहून गेलं. दोनदा बँकेत गेले, एकदा फॉर्म संपले होते, एकदा फोटो माझ्यासारखा दिसत नाही म्हणाले. तोवर पैसे यायलाही लागले. चार गिऱ्हाइकांचे आले, सगळे बिनबोभाट.

पण आता एक पेच पडलाय. एक परदेशी गिऱ्हाईक आहे, फोटोत टोपी घालून बसलाय, म्हणून आम्ही दोघी त्याला टोपीवालाच म्हणतो. फार गोड माणूस. चामडं शिवायच्या मशीनची तीन शटल आणि एक अख्खं डोकं, म्हणजे वरचं मशीन, मागितलं. ‘तुमच्या यजमानांच्या हाताने दुरुस्त केलेलं मशीन माझ्या दुकानात चालेल, हा माझा मान आहे’ असं लिहिलं त्याने. वाचून सासूबाईंचे डोळे भरून आले. मी पण काही दगड नाही.

काल त्याचे पैसे आले, ते दुपटीहून जास्त. पाठवणाऱ्याचं नाव एका बाईचं. विचारलं तर म्हणतो, ती आमची हिशेब ठेवणारी बाई, तिचीच चूक झाली, दुसऱ्या कुणाची रक्कम तुमच्यावर टाकली, बिचारीची नोकरी जाईल. जास्तीचे पैसे तुमच्याच देशातल्या आमच्या माल नेणाऱ्याच्या खात्यावर टाका, म्हणजे तो येऊन माल उचलेल आणि सगळंच मार्गी लागेल. खात्याचा नंबर पाठवलाय.

तुमच्या नियमाप्रमाणे माल हलवलेला नाही आणि पैसेही हलवलेले नाहीत. पण भाऊजी, आपलं घर कसं आहे ते तुम्ही जाणता. मामंजी शिंपी होते, तरी कापडाची चिंधी कधी घरात राहू दिली नाही. उरलेलं कापड गुंडाळून शिवलेल्या कपड्याच्या खिशात घालायचे आणि दिवे लागायच्या आत गिऱ्हाइकाच्या घरी. दुसऱ्याची वस्तू मुक्कामाला ठेवायची नाही. सासूबाई कालपासून धड जेवल्या नाहीत. ‘दे बाई त्याचं त्याला’ एवढंच चाललंय.

काय करू ते लगेच कळवा. वाट बघते.

तुमची,
वहिनी

ता. २४ मार्च

वहिनींस सा. न.

तुमचं पत्र आज हातात पडलं. रविवारी आईची तब्येत विचारायला फोन केला तेव्हा तुम्ही ‘ते पैसे’ म्हणून सुरुवात केलीत आणि मी ‘वहिनी, कागदावर’ म्हणून तोडलं. राग आला असेल. पण नियम एकदा मोडला की मोडतच जातो.

नीट वाचा. त्यातला एक छदामही कुणालाही पाठवू नका. ज्याच्याकडून पैसे चुकून जास्त गेले तो आपल्या बँकेला सांगतो, त्याची बँक आमच्या बँकेला कळवते आणि ते आले त्याच रस्त्याने परत जातात. मध्ये तिसऱ्याचं खातं येत नाही. जिथे तिसरं खातं आलं तिथे डाव आहे. बहुतेक ही कुणाची तरी चोरलेली रक्कम आहे. ती बाई त्याच्याकडे हिशेब ठेवत नाही, वहिनी, तिचेच पैसे चोरलेत. आज ना उद्या ती तक्रार करेल, तेव्हा पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून जाईल. मधल्या काळात तुम्ही जे ‘परत’ केलं असेल ते तुमच्या खिशातून गेलेलं असेल.

शाखेत जाऊन लेखी द्या की ही रक्कम माझी नाही, जिथून आली तिकडे पाठवा. त्याची पोच घ्या. जास्त पैसे आले तर काय करायचं हे मी जानेवारीतच लिहायला हवं होतं, सुचलं नाही.

पैसे खात्यात पडून आहेत तोवर काही बिघडत नाही, म्हणून फोन करत नाही. आईला जेवायला सांगा.

तुमचा,
धाकटा

ता. २५ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं उत्तर अजून आलं नाही. काल मी ते पैसे पाठवून टाकले.

थांबले असते हो मी. पण टोपीवाल्याचे दिवसातून तीन-तीन मेसेज. माल नेणारा गोदामाचं भाडं भरतोय, हिशेबवाल्या बाईला कामावरून काढायला निघालेत, तिला दोन लहान मुलं आहेत. रविवारी तुम्हाला विचारावं म्हटलं तर तुम्ही माझं तोंडच बंद केलंत. सासूबाईंनी ताट सारलं आणि म्हणाल्या, ‘लोकाच्या पैशावर झोपायची सवय नाही मला.’ मग मी उठले, बँकेत गेले आणि त्याने दिलेल्या खात्यावर भरून आले.

येताना पाय हलके झाले होते. सासूबाई दोन घास जास्त जेवल्या. मशीनचं डोकं पुसूनबिसून मेणकागदात गुंडाळलंय, आता माणूस आला की द्यायचं.

उगाच लांबण लावली मी. काही चुकलं असेल तर सांगा.

तुमची,
वहिनी

ता. ३ एप्रिल

वहिनींस सा. न.

पत्रं एकमेकांना ओलांडून गेली. माझं आता तुम्ही वाचलं असेल, म्हणून पुन्हा उगाळत नाही. टोपीवाल्याकडून माणूस येणार नाही. त्याला शटल नकोच होतं.

वाईट बातमी अशी की पैसे परत मागणारा संदेश तिकडच्या बँकेकडून आलाय आणि इकडे बँकेने तुमचं खातं गोठवलंय. यात घाबरण्यासारखं काही नाही, ही पद्धत असते. पोलिसात तक्रार द्या, टोपीवाल्याचे सगळे मेसेज छापून जोडा, त्याची एक प्रत शाखेत द्या. एक शब्दही लपवू नका, तुम्ही काही केलेलं नाही.

मी इथून बघतोच आहे. आठ-दहा दिवसांत सुटेल. जेवढं त्या बाईंचं आहे तेवढं जाईल. खोलीसाठी जे कमी पडेल ते आपण दोघं मिळून उभं करू.

आईला यातलं सांगू नका. सांगावंच लागलं तर माझ्या नावावर खपवा.

धाकटा

ता. ११ एप्रिल

चि. भाऊजींस,

आशीर्वाद आहेतच.

चौकीत दिवस गेला. एकाने विचारलं, ‘किती टक्के घेता?’ मला आधी कळलंच नाही. मग कळलं की माझ्यासारखे लोक भाड्याने खातं देतात आणि त्यातला हिस्सा घेतात, असं त्याला म्हणायचं होतं. मी म्हटलं, साहेब, मी उरलेली चिंधी परत करणाऱ्या घरातली आहे. तो हसला. त्याचं काही चुकलं नाही, रोज शंभर रडगाणी ऐकत असेल. तक्रार मात्र लिहून घेतली. माल नेणाऱ्याचं खातं त्याच दिवशी रिकामं झालंय म्हणे.

शाखेत मला खुर्ची दिली नाही. दोन वर्षं ‘या काकू’ म्हणणारी मुलगी मान खाली घालून शिक्के मारत राहिली. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराच्या कानावर गेलंय, तो आता माझ्याशी जपून बोलतो.

आता नीट वाचा, कारण उत्तर लगेच हवंय आणि यावेळी मी टपालाच्या भरवशावर नाही. आपल्या गल्लीतला मुलगा तुमच्या शहरात परीक्षेला येतोय. हे पत्र तोच देईल आणि उत्तर घेऊन येईल.

जुन्या मशीनांचा एक व्यापारी आला होता. यांचा सगळा साठा, पेट्यांतले भाग, पायाची चार मशीनं, एकरकमी घ्यायला तयार आहे. भाव चांगला देतोय, आणि रोख. घरमालकाशी बोलले. तो म्हणाला, तेवढे आगाऊ दिलेत तर खोली तुमची, बाकीचे हप्त्याने द्या. म्हणजे टेबल राहील, खोली राहील, फक्त पेट्या रिकाम्या होतील. मी पुन्हा जमवीन. मोडकी मशीनं काय, गावोगाव पडलीत.

पण खातं महिनाअखेरीआधी सुटणार असेल तर यांनी जन्मभर जमवलेलं मी कशाला विकू? व्यापारी चार दिवस थांबतो म्हणालाय. तुम्ही आतले आहात. मला धीर नको आहे, खरं काय ते हवंय. सुटणार की नाही?

वहिनी

ता. १३ एप्रिल

वहिनींस सा. न.

मुलगा दारात उभा आहे, म्हणून घाईत.

विकू नका. दादाची एकेक पेटी मला आठवते. त्या गेल्या तर रिकाम्या खोलीला कवटाळून काय करणार? साहेबांशी बोललो, वीस-पंचवीस तारखेपर्यंत सुटतंय म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवा आणि व्यापाऱ्याला नाही म्हणा.

धाकटा

ता. ३ मे

भाऊजी,

खोली गेली.

घरमालक वाईट नाही. तीस तारखेला संध्याकाळपर्यंत थांबला, मग एक तारखेला सकाळी कुलूप घेऊन आला. मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याने पूर्ण पैसे मोजले होते. टेबल दारातून निघेना. यांनी ते आतच जोडलेलं होतं, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. शेवटी हमालांनी पाय कापले. पेट्या घरी आणल्यात, सासूबाईंच्या खाटेखाली, माझ्या चटईवर, स्वयंपाकघरात. मी बसून झोपते.

काल शाखेत गेले. नवीन बाई आल्यात, त्यांनी खुर्ची दिली. कागद काढला आणि म्हणाल्या, काकू, परदेशातून परत मागितलेल्या रकमेची चौकशी तीन-चार महिन्यांच्या आत कधीच संपत नाही. तुम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही का? मग म्हणाल्या, खातं मुख्य कार्यालयातून गोठवलंय, हे बघा. सहीकडे बोट दाखवलं.

तुमचं अक्षर कुणाला जमणार नाही म्हणाला होतात. खरंय.

हे खरं आहे का, एवढंच लिहा.

वहिनी

ता. १० मे

वहिनी,

खरं आहे.

दोन एप्रिलला सकाळी संदेश माझ्याच टेबलावर आला. तुमचं नाव वाचलं आणि खाते क्रमांक दोनदा ताडून बघितला. सोबत त्या बाईंच्या तक्रारीची प्रत होती. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झाल्यात, एकट्या राहतात. खात्यात होतं ते सगळं गेलं. नियम असा की असा संदेश आला की खातं तिथल्या तिथे गोठवायचं, आणि खातेदार नात्यातला असेल तर उठून वरिष्ठांना सांगायचं. मी आधी सही केली, मग उठलो. उलट केलं असतं तर दुसऱ्या कुणाची सही पडली असती. पण मग लोक म्हणाले असते, मधल्या वेळात याने वहिनीला फोन करून पैसे काढायला लावले. खोटं कशाला सांगू, तसा फोन करायचं मनात आलंही होतं. दुपारपर्यंत तो कागद दाबून ठेवला असता तर तुमची खोली झाली असती आणि त्या बाईंना काही मिळालं नसतं.

सांगितल्याबरोबर मला त्या टेबलावरून उठवलं. तेव्हापासून तळघरात जुन्या फायली लावतोय. तुमची फाईल बघायलाही मला मनाई आहे. ‘साहेबांशी बोललो’ लिहिलं, तेव्हा साहेब माझ्या नमस्कारालाही उत्तर देत नव्हते.

मग तसं का लिहिलं? ‘आठ-दहा दिवस’ लिहिलं तेव्हा वाटलं, तुम्ही खचाल, थोडे दिवस धीर राहू दे, मी काहीतरी करीन. काही करता आलं नाही. दुसऱ्यांदा तो मुलगा दारात उभा होता. ‘सुटणार नाही, विका’ लिहायला घेतलं आणि दादाच्या पेट्या डोळ्यांसमोर आल्या. मीच खातं बंद केलं आणि मीच त्या विकायला लावतोय, हे हाताने लिहवेना. वाटलं, एखादा चमत्कार होईल. माझ्यासारख्या माणसाने, बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाने, चमत्कारावर हवाला ठेवला.

वहिनी, मला माफ करा. माझ्या भविष्य निर्वाह निधीतून जेवढे काढता येतील तेवढे काढतो आणि येतो. दुसरी खोली बघू.

धाकटा

ता. १८ मे

भाऊजी,

खातं गोठवलंत ते बरोबर केलंत. तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि मामंजींनीही तुमची पाठ थोपटली असती. त्या बाईंचे पैसे माझ्याकडून पूर्ण जाणार आहेत, जाऊ देत. मी टोपीवाल्याला दिले ते माझ्या मूर्खपणाचे गेले. त्या रविवारी तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, ते सुद्धा मी सोडून दिलंय. नियम तुमचा होता, पण तो पाळणारी मीच होते.

‘विकू नका’ हे मात्र माझ्याने सोडवत नाही.

मी तुम्हाला धीर मागितला नव्हता. नको म्हणून लिहिलं होतं. हो किंवा नाही, एवढंच विचारलं होतं, आणि ते विचारायला एक पोर धाडलं होतं. तुम्ही एक शब्द लिहिला असता तर आज मी यांच्या टेबलाशी बसलेली असते. तुम्हाला माझं वाईट वाटत होतं, ते सोसवेना, म्हणून तुम्ही स्वतःला बरं वाटेल ते लिहिलंत. टोपीवाला पैशांसाठी खोटं बोलला. त्याला मी ओळखत नव्हते. तुम्ही लग्नाच्या वेळी एवढेसे होतात, माझ्या हातचं जेवून मोठे झालात.

पैसे काढू नका आणि येऊ नका. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागलेय, काजं करायच्या विभागात. सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते. व्यापारी परत येऊन गेला. आता महिना उलटलाय, त्याने दुसरीकडून माल भरलाय. वजनावर घेतो म्हणाला, किलोच्या भावाने. उद्या टेम्पो आणतोय. घरात चालायला जागा नाही, देऊन टाकते.

सासूबाईंना खातं अडकलंय एवढंच माहीत आहे, तुमच्या सहीचं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. या वयात एकच मुलगा उरलाय त्यांना. तुमचं पत्र आलं तेव्हा समोरच बसल्या होत्या. ‘काय म्हणतोय धाकटा?’ म्हणून विचारलं. मी घडी घातली आणि म्हटलं, खूप खटपट करताहेत, आठ-दहा दिवसांत सुटेल म्हणतात. काही अडखळले नाही मी. त्या किती खूश झाल्या म्हणून सांगू. म्हणाल्या, ‘मग आपण परत दुकानात जायचं ना?’

मी हो म्हटलं.

वहिनी